परत आलेला डबा

आमच्या गावात उपाशी कोणी नाही, असं ठणकावून सांगणाऱ्यांचा मला अजून राग येतो. महिला मंडळाच्या बैठकीत मी डब्यांचा विषय काढला तेव्हा पहिलं वाक्य तेच आलं. "आपल्या गावात उपाशी कोण आसा गो?" असं विचारणारीने आदल्याच आठवड्यात बारशाचं जेवण घातलं होतं आणि उरलेला भात टोपंच्या टोपं खाडीत ओतला होता. मी मालवणजवळ किनाऱ्यावर खाणावळ चालवते. अर्धी सुरमई ताटात टाकून उठणारे पर्यटक रोज बघते, त्यामुळे माझं पित्त लवकर खवळतं, हे मान्य.

पण उपाशी माणसं होती. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, मासेमारी बंद झाली की वाडीतली एकटी म्हातारी माणसं कोरा चहा आणि बेकरीच्या कडक बटरांवर दिवस ढकलत. मुलं मुंबईला, नाहीतर गोव्यात. त्यातली एक माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीची. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती पार आतल्या कट्टा गावापर्यंत दारोदार फिरायची. आता गुडघे गेले होते. त्या बैठकीनंतर थोड्याच दिवसांत ती रेशनच्या रांगेत चक्कर येऊन पडली. लोक म्हणाले, वय झालं. मी तिला उठवून बसवलं आणि विचारलं, "काकी, सकाळी काय खाल्लंस?"

"चाय घेतलंय."

"आणि काल?"

"काल पण चायच."

तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी मी मंडळातल्या तिघींना हाताशी धरलं आणि माझ्या खाणावळीच्या चुलीवर वाडीतल्या म्हाताऱ्यांसाठी भात-आमटी शिजायला लागली. सकाळी भरलेले स्टीलचे डबे स्कूटरवरून पोचवायचे, संध्याकाळी रिकामे गोळा करून आणायचे, अशी पद्धत ठरली. ती मीच ठरवली होती.

काकीचा डबा पहिल्याच संध्याकाळी लख्ख घासून परत आला आणि आत दोन सुके बांगडे होते. दुसऱ्या दिवशी मूठभर कोकमाची सोलं, तिसऱ्या दिवशी सुका जवळा. आम्हाला भरून आलं. भात खाडीत ओतणारीने डब्याचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 'गरिबीतही केवढी ही दानत' असं लिहून. मुंबईहून धडाधड लाल बदामांचे इमोजी आले. एक बदाम मीही टाकला. बांगडे तळले आणि पेजेबरोबर खाल्ले. चांगले लागले, हेही सांगून टाकते.

नवव्या दिवशी काकीने दार अर्धंच उघडलं. "भूक नाय," म्हणाली आणि डबा परत पाठवला. दहाव्या दिवशी तेच, अकराव्या दिवशीही तेच. ग्रुपवर लगेच सूर बदलला. एकीने लिहिलं, "फुकटचा मिळता ना, म्हणान माज इलो." मी त्या बाईला तोंडाला येईल ते बोलले. खरं सांगायचं तर काकीचाही राग आला होता. एवढं राबायचं, आणि वर हिचे नखरे. बाराव्या दिवशी डबा घेऊन मी स्वतः गेले आणि तिने अडवायच्या आत थेट स्वयंपाकघरात शिरले.

चूल थंड होती. फळीवर सुक्या मासळीचा पत्र्याचा डबा उघडा पडला होता. उन्हाळ्यात खारवून, वाळवून पावसाळ्याची बेगमी ज्यात भरून ठेवतात, तो. तळाला मिठाचे खडे होते, बाकी काही नव्हतं. सोलांची बरणीही धुऊन पालथी घातलेली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत जात नाही. शेजारून वाटीभर खीर आली तर वाटीत निदान गुळाचा खडा तरी घालून पाठवायचा. माझी आई तर ह्याच काकीची पाटी आमच्या दारापुढच्या खळ्यातून कधी रिकामी जाऊ द्यायची नाही. काकडी, भाजी, पसाभर तांदूळ, काहीतरी घालायचीच. हे बघत मी वाढले. आणि मीच रोज संध्याकाळी ह्या बाईच्या दारात रिकाम्या डब्यासाठी माणूस उभं करत होते. घालायला काही उरलं नाही, तेव्हा तिने जेवणच सोडलं.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण ओरडले तिच्यावर. "काकी, तुझ्याच घरात काय नाय, आणि आमका कित्या देत बसलंस?"

ती भिंतीला टेकून उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "रिकामो डबो कसो धाडू? माका दिल्याशिवाय रवाक येणा नाय. पण तू घेतलंस कित्या?"

तिच्या पावसाळ्यातले बांगडे मी खाल्ले होते, आणि वर बदाम टाकला होता.

मी भरलेला डबा चुलीशेजारी ठेवला आणि म्हटलं, "डबो हयच रवांदे. परत नको."

"आणि उद्या?"

"उद्या दुसरो हाडतंय."

तिने डबा पुढे ओढून घेतला. मग पाट सरकवून माझ्याकडे पाठ करून बसली आणि घाईघाईने भात कालवू लागली.