दादाच्या गोधडीतली सुई

मी खोटं बोलले होते. सुई डब्यात ठेवली म्हणून आईला ठोकून दिलं, आणि ती सुई गेली थेट दक्षिण ध्रुवाकडे. वय एकोणीस, अक्कल शून्य, आणि मॅट्रिक पास झाल्याचा तोरा मात्र केवढा...

आधीच सांगते, भूत, देवी, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आमच्या घरानं देव्हारा उचलला तो कायमचा. तरी हे घडलं.

साठनंतरची गोष्ट. दादा आमच्या घरातला पहिला डॉक्टर. एका परदेशी मोहिमेबरोबर तो बर्फातल्या केंद्रावर हिवाळाभर राहायला निघाला. जहाज परतलं की आठ-नऊ महिने तिथं कुणी यायचं नाही. माणसं बारा, डॉक्टर हा एकटाच. मी त्याला आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. आमच्याकडे शेवटची गाठ मारली की सुई आईच्या हातात परत द्यायची. माझी सापडेना. इकडे अकोला स्टेशनवर गाडीची वेळ झालेली.

"सुई कुठी हाय वं?"

"डब्यात ठेवली."

जूनमध्ये, मृग कोरडाच चाललेला. भर दुपारी शेजारच्या बारशात मी पाळणा हलवत होते. एकाएकी तळहातात कचकन टोचलं. रक्ताचा टपोरा थेंब आला. पाळण्याची दोरी सुताची — काटा नाही, खिळा नाही. आणि त्या उन्हात माझी बोटं गारठून निळी...

"काय टोचलं वं तुले?" आईनं विचारलं.

"सुई," मी म्हणाले, आणि भर बारशात रडत सगळं कबूल केलं. बाया पोट धरून हसल्या.

पुढल्या वर्षी दादा आला. तिथल्या स्वयंपाक्याचं अपेंडिक्स त्यानं एकट्यानं काढलं होतं. दोन दिवस झोप नाही. रोग्याजवळ गोधडी पांघरून बसल्या बसल्या डोळा लागला, आणि तळहातात सुई घुसली. दचकून उठला तर रोगी उलटीनं गुदमरत होता. त्याला कुशीवर वळवलं, घसा मोकळा केला. वाचला.

मी तारीख विचारली. बारशाचाच दिवस.

अमरावतीचा माझा नातू म्हणतो, योगायोग. योगायोगानं रक्त येतं का रे, बाबा? शेजारीण म्हणते, देवीची कृपा. तिलाही माझ्या दारातून परत पाठवते. सुई त्याला टोचली, कबूल. मला काय टोचलं? मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही.

दादा परतला त्या दिवशी मी सुईसाठी हात पुढे केला, तेव्हा तो म्हणाला, "सुई नाई देत मी. अन् तोरा नको मिरवू वं, मानूस म्या वाचवला. तू निस्ती खोटं बोलली."