बाटलीतलं फूल

साखळी-पणजी बसमध्ये ती मला एकदाच भेटली, डिसेंबरातल्या गार सकाळी. खिडकीशी बसलेली, मांडीवर पिशवी आणि पिशवीत घरच्या खोबरेलाच्या बाटल्या, थंडीने गोठून पांढऱ्या झालेल्या. प्रत्येक वळणावर ती बाटल्यांच्या बुचांवरून हात फिरवी, सहलीला निघालेल्या बाई मुलांची डोकी मोजतात तशी.

शेजारी मी मोबाइलवर प्रयोगशाळेतले फोटो बघत होते. दोन प्लास्टिकं एकत्र विरघळवून काचेवर सायीइतका पातळ थर द्यायचा, तो थंड होताना त्यात स्फटिकांची फुलं धरतात. माझ्या फुलांच्या पाकळ्या मात्र फाटक्या निघाल्या होत्या. माझाच हात चुकला असं समजून मी महिन्याचं काम टाकून द्यायच्या बेतात होते.

तिने मान वाकडी करून फोटो पाहिला.

"आमच्या बाटलीत अस्संच फूल धरतं," ती म्हणाली. "पण निव्वळ तेलाचं फूल भरीव असतं गो. बाय, ह्यात तू कितेंतरी भरसलंय."

मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. हात चुकलाच नव्हता. मिसळलेलं दुसरं प्लास्टिक पाकळ्यांच्या वाटेत आडवं येत होतं, आणि नेमकं तेच तर मला शोधायचं होतं.

"होय, मिसळलंय," मी आनंदाने म्हणाले.

"मुद्दाम भेसळ?"

"मुद्दामच. पाचात एक भाग."

तिने मला एकदा नीट न्याहाळलं. मग मांडीवरची पिशवी उचलली आणि माझ्यापासून लांब, खिडकीच्या बाजूला सरकवली. पणजी येईपर्यंत तिचा हात त्या बुचांवरून हलला नाही.