एकाच घरातली पिल्लं
कापसावरच्या स्पिरिटचा वास आला की मला सांगलीजवळच्या मळ्यातली ती सकाळ आठवते. फौजेतून निवृत्त झालेले माझे काका कारवानी कुत्री पाळत आणि जात शुद्ध राहावी म्हणून घरातल्या घरातच जोड्या लावत. त्या आठवड्यात पार्व्होच्या साथीत सहापैकी पाच पिल्लं गेली होती. मी तेव्हा कुत्र्यांच्या जनुकांवर पीएचडी करत होते. उरलेल्या पिल्लाचं रक्त काढताना काकांनी विचारलं, "लस दिली हुती, तरी का गेली गं?" मी म्हणाले, "रोग ओळखणारी जनुकं वेगवेगळी असली तर एखादं तरी उपयोगी पडतं, काका. एकाच घरात जोड्या लावल्या की ती सारखीच होत जातात." "म्हंजी माझ्यामुळं गेली म्हण की." मी सुई काढून तिथे स्पिरिटचा कापूस दाबला. काका पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मग म्हणाले, "म्हसवडकडं एका मेंढपाळाचा कुत्रा हाय. जातीचा न्हाई, पण लय दणकट हाय. पुढच्या येळंला ह्येच्या आईला तिकडं न्यायची." आणि त्यांनी खरंच नेली. पुढची पिल्लं काबरी झाली, सगळी जगली, आणि काकांनी त्यातलं एकही कुणाला दिलं नाही. माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्या सकाळी ते इतक्या पटकन द्यायला नको होतं, असं आता वाटतं.