वन्संची खरखरीत भिंत

शेजारी न्हाणीघराची डागडुजी चालली आहे. सकाळपासून पोपडे खरवडल्याचा आवाज येतो आहे आणि भिजलेल्या चुन्याचा थंड, किंचित उग्र वास खिडकीतून आत शिरतो आहे. हा वास आला की मी रत्नागिरीच्या आमच्या घरी जाते. एकोणीसशे तीसच्या सुमाराच्या, नवी सून असतानाच्या दिवसांत.

माझ्या मोठ्या नणंदेची, म्हणजे वन्संची, दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती. तरी घरात त्या कुणाचा हात धरत नसत. मागीलदारच्या न्हाणीघरात भिंत चाचपत एकट्या जात आणि न्हाऊन हसतमुख बाहेर येत.

भाऊजी, माझे धाकटे दीर, मुंबईला नोकरीला होते. त्या वैशाखात ते बोटीने आले ते हिरव्या तेलरंगाचा डबा घेऊन. मुंबईच्या बंगल्यांतली न्हाणीघरं म्हणे अशी चकचकीत असतात. उत्साह दांडगा, चुन्याची जुनी भिंत त्यांनी आरशासारखी करून टाकली आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत परतले. आम्हीही खुळ्यासारखे आल्यागेल्याला न्हाणीघर दाखवत सुटलो. पण जांभ्याची भिंत पावसाळ्यात आतून पाझरते, हे त्या रंगाला कुणी सांगावं? श्रावणात त्याला फोड आले, पोपडे सुटले आणि जिथे टिकला तिथे भिंत निसरडी झाली. एके सकाळी वन्संचा हात निसटला आणि त्या पडल्या.

हाड मोडलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांना आंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. तो अवघडलेपणा मी अजून विसरलेले नाही. त्या पाठमोऱ्या, अंग चोरून बसत. पुढे पुढे तर "आज नको गो बायो, कणकण आहे," म्हणून आंघोळच टाळू लागल्या. कणकण कसली? एवढी मानी बाई माझ्या डोळ्यांदेखत मिटत चालली होती आणि मला काही करता येत नव्हतं.

दिवाळीआधी भाऊजी आले. त्यांनी सगळं ऐकलं, टोपी खुंटीला अडकवली आणि आपलाच रंग खरवडायला बसले. शिंपल्यांचा चुना आणि वाळू मी कालवून दिली. ओल्या गिलाव्यावर त्यांनी नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, दाबून ओढलं. दारापासून आडव्या रेघा आणि पाण्याच्या घंगाळापाशी उभ्या, म्हणजे कुठे थांबायचं ते हाताला कळावं.

"भाऊजी, दिसायला काही बरं नाही हो हे," मी म्हटलं.

"आक्काला कुठे दिसायचंय, वहिनी?" ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करूनच पुढची रेघ ओढू लागले.

भिंत सुकल्यावर एका सकाळी वन्संनी तिच्यावरून सावकाश हात फिरवला. "मेल्या, भिंत केलीस की फणस?" एवढंच म्हणून त्या आत निघाल्या. सवयीने मीही मागोमाग गेले, तर माझ्या तोंडावर दार लागलं. आतून कडी सरकली. अंगावर पहिला तांब्या ओतल्याचा आवाज येईपर्यंत भाऊजी आणि मी मागीलदारी नुसते उभे होतो.

वन्सं गेल्या, भाऊजी गेले. ते न्हाणीघरही आता उरलं नाही. माणसाला जपायचं म्हणजे त्याचा हात धरायचा, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. दाराबाहेर उभं राहायला मला त्या सकाळी त्यांनी शिकवलं. माझ्या तोंडावर लागलेल्या त्या दाराबद्दल मी दोघांची जन्माची ऋणी आहे.