ती दोरी मी फेकलेली नाही

अंधश्रद्धेविषयी माझी मते आमच्या मराठी मंडळाच्या या मासिकाच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेत. त्यांच्यापैकी निम्म्यांशी माझे भांडण त्यावरूनच झाले. त्यामुळे 'अनुभव' लिहिण्याची मला हौस नाही. परंतु गेल्या अंकात 'ज्येष्ठ सभासदाने व्याह्यांचा जीव वाचवला – कुलदैवताची कृपा' असे जे, संपादकहो, तुम्ही छापलेत, ते असत्य आहे. माझ्या नावावर असत्य मी खपवून घेत नाही… मग ते कितीही गौरवाचे असो.

जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या पूर्वेला, वाळू उपसून झालेल्या तळ्यावर आमच्या मासेमारी क्लबची बोट असते. नोव्हेंबरातील सकाळ, साडेआठची वेळ, दाट धुके. बोटीत आम्ही दोघेच – मी आणि माझ्या सुनेचे वडील रामोनराव. ते मेक्सिकोचे, तळ्याकाठी वाढलेले. मला ते 'कोन्सुएग्रो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये व्याह्याला स्वतंत्र शब्द आहे, याचे मला कौतुक वाटते. मी त्यांना 'व्याहीबुवा' म्हणतो.

पहिला मासा त्यांच्या गळाला लागला – चांगला हातभर त्सांडर.

"हा परत द्यायचा," ते म्हणाले. "पहिला ओपोच्त्लीचा. डाव्या बाजूने सोडायचा."

ओपोच्त्ली म्हणजे त्यांच्याकडील जुन्या अॅझ्टेक लोकांचा शिकारीचा आणि मासेमारीचा देव. जाळे, पक्ष्यांचा फास, तीन टोकांचा भाला, हे सारे त्यानेच माणसाला दिले म्हणतात. तो डावखुरा. नेम डाव्या हाताचा.

"व्याहीबुवा, इथे देव नाही, नियम आहे," मी म्हणालो. "मापात बसणारा मासा सोडायचा नाही. परीक्षा देऊन परवाना मिळवला आहे मी."

"चर्चमध्ये जातो मी, कोन्सुएग्रो. पण पाण्यावर आजोबांचे ऐकतो."

मी ऐकले नाही. माशाच्या डोक्यावर दांडका घातला, तो बादलीत टाकला आणि झाकण दाबून बसवले. येथे एक कबुली देतो. मी अलिबागकडचा, कोळ्याचा मुलगा. माझे वडीलही पहिला मासा दर्यालाच देत. ते मला त्या क्षणी आठवले होते; आठवूनही मी दांडका घातला.

"मग निदान क्षमा तरी मागतो," म्हणत रामोनराव मागच्या फळीवरून उठले आणि डावीकडे पाण्यात हात बुडवायला वाकले. बोट कलली. ते पाण्यात पडले.

लाइफ जॅकेट त्यांनी फळीवर काढून ठेवले होते. पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. धक्क्याने बोट दूर सरकली आणि मी वल्ही मारू लागलो. पण दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशननंतर माझा डावा हात छातीच्या वर जात नाही, जोर तर लागतच नाही. एका हाताच्या जोरावर बोट जागीच गरगर फिरली. धुक्यात त्यांचे डोके दोनदा दिसले. मग नुसता आवाज… "कोन्सुएग्रो!" मग तोही तोंडात पाणी गेल्यासारखा.

आवाज बोटीच्या नाकाकडून येत होता. मी तिथे गुडघ्यांवर बसलो आणि एक वल्हे दोन्ही हातांनी पुढे धरले. पोहोचत नव्हते. दोरी होती, पण ती माझ्या पाठीमागे, दुसऱ्या टोकाला, मागच्या फळीखाली. एक टोक कडीला बांधलेले, बाकीची गुंडाळलेली. तिथवर जाऊन येण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नव्हता.

तेव्हा बोट मागून खाली दबली. मी बसलो होतो ते टोक वर उचलले गेले – कोणी धिप्पाड माणूस मागे उभा राहावा तसे. आणि माझ्या डाव्या कानाजवळून काहीतरी सणसणत गेले. दोरी होती ती. धुक्यात उलगडत गेली आणि ताणली गेली. तिच्या दुसऱ्या टोकाला रामोनराव होते.

मी वल्हे टाकले, दोरी उजव्या हाताने धरली, ओढली. आरडाओरडा ऐकून काठावरचे दोघे दुसऱ्या बोटीने आले. त्यांनी पाहिले ते इतकेच, की दोरी माझ्या हातात आहे. तुमच्या लेखाचा आधार तेवढाच.

इस्पितळात रामोनराव म्हणाले, "फेक उत्तम होती. पण उभे कशाला राहिलात? बोट उलटली असती."

"मी गुडघ्यांवर होतो."

त्यांनी माझ्या डाव्या खांद्याकडे पाहिले. मग छातीवर क्रूस काढला.

माझा मुलगा मिलिंद इंजिनिअर आहे, मराठीत जर्मन शब्द पेरत बोलतो. "आल्झो बाबा, अॅड्रेनालीन. तुम्हीच फेकलीत आणि विसरलात. गेनाऊ, असंच होतं." मी त्याला डावा हात वर करून दाखवायला गेलो, छातीशी अडकला. माशाची बादली काठावर उघडली तेव्हा रिकामी होती, त्यावर तो म्हणाला, "गडबडीत सांडला असेल मासा." झाकण घट्ट बसलेले होते. मी स्वतः उघडले.

क्लबने दिलेली शौर्याची ढाल मी परत केली, तर लोक त्याला विनय म्हणू लागले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आयुष्यात पहिल्यांदा कोणी तुमचं कौतुक करतंय. गप्प घ्या की!"

घेता येत नाही. पस्तीस वर्षे मी कारखान्यात तपासणीचे काम केले. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकाही सुट्या भागावर सही केली नाही. त्या सकाळी बोट मागून दबली तेव्हा फक्त मान वळवायची होती. मी वळवली नाही. मागचे वजन उतरेपर्यंत समोरच्या धुक्यावर नजर रोखून दोरी ओढत राहिलो, कारण मला भीती वाटत होती. तुम्ही शौर्य म्हणून छापलेत ते हे.

मागे कोण होते, मला माहीत नाही. तुमच्या कुलदैवतालाही माहीत नसावे आणि मिलिंदच्या अॅड्रेनालीनलाही नसावे.

हल्ली पहिला मासा मी डाव्या बाजूने पाण्यात सोडतो. नियमाविरुद्ध आहे, क्लबने खुशाल परवाना काढून घ्यावा. सोडताना मात्र अजूनही समोरच पाहतो.