मामा सकाळी लवकर का जायचा

माझा मामा गोड बोलण्याचा पगार घेतो. असं म्हटलं की आई चिडते, पण दुसऱ्या शब्दांत त्याची नोकरी सांगताच येत नाही. गाड्यांच्या एका मोठ्या शोरूमच्या मागे वर्कशॉप आहे आणि वर्कशॉपच्या तोंडाशी एक काउंटर. तिथे इस्त्रीचा शर्ट घालून मामा उभा असतो. गिऱ्हाईक तणतणत आत आलं की मामा आधी पाणी देतो, मग खुर्ची देतो आणि मग म्हणतो, "साहेब, नवीन इंजिन आहे, मोकळं व्हायला वेळ लागतो." गाडी जुनी असली तर म्हणतो, "एवढी चालली म्हटल्यावर थोडा आवाज येणारच." मधल्या काळात इंजिन बिघडायची सोयच त्याने ठेवलेली नाही.

पूर्वी तो आत, मेकॅनिक होता. कोपरापर्यंत काळा होऊन घरी यायचा. त्याच्या जिभेवर साखर आहे हे मालकांच्या लक्षात आलं आणि त्याला धुऊन-पुसून पुढे उभं केलं. आईला केवढा अभिमान! कामावरून स्वच्छ कपड्यांत परत येणारा आमच्या घरातला तो पहिला माणूस. शिवाय वर्कशॉप उघडायच्या आधी तो कामावर हजर असायचा. "याला म्हणतात कामसू," असं आई मला ऐकवायची, मी अंथरुणात असताना.

लवकर जाण्याचं खरं कारण मामाने मला पुढे स्वतःच सांगितलं. त्या कंपनीच्या एका मॉडेलच्या इंजिनात खोट होती. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू करताना खालून टकटक आवाज यायचा. इंजिन तापलं की गप्प. गाडी हळूहळू दम सोडायची ती याच दुखण्याने. तक्रार घेऊन आलेल्याला मामा सांगायचा, "गाडी संध्याकाळी आणून ठेवा. रात्रभर थंड होऊ दे. सकाळी तुमच्यासमोरच सुरू करू." माणूस खूश होऊन जायचा. आणि सकाळी तो माणूस यायच्या आत मामा तक्रारीच्या सगळ्या गाड्या ओळीने सुरू करायचा, चांगल्या तापवायचा आणि बंद करून ठेवायचा. मॅनेजरचा तसा हुकूम होता. वॉरंटीत इंजिन उघडलं तर कंपनी डीलरला धारेवर धरते. त्यापेक्षा वेळ मारून न्यावी, वॉरंटी आज ना उद्या संपतेच.

आणि त्याच मॉडेलची गाडी माझ्या बाबांनी घेतली. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यातली पहिली गाडी, तीही मेहुण्याच्या शब्दावर. त्या खोटीबद्दल मामाने तेव्हा तोंड उघडलं नाही. सगळ्याच गाड्या काही बिघडत नाहीत, असं त्याने स्वतःला समजावलं म्हणे. ही बिघडली. आधी टकटक, आणि मग एकदा आई शेजारी बसलेली असताना भर चढावर गाडी बंदच पडली. मागून बस येत होती. बसवाल्याने ब्रेक दाबला म्हणून दोघं वाचली.

"घरचा माणूस आहे, काळजी कशाला?" असं म्हणत बाबांनी गाडी संध्याकाळी वर्कशॉपला नेऊन ठेवली. सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. मॅनेजर, दोन मेकॅनिक, आपापल्या गाड्यांसाठी थांबलेली माणसं, त्यांत चष्मा लावलेल्या एक बाई, आणि एका बाजूला मामा. त्याने किल्ली फिरवली. इंजिन इतकं अलगद सुरू झालं की त्याला झोपेतून उठवल्याबद्दल आपणच माफी मागावी. बाबा बॉनेटवर वाकले, बराच वेळ वाकून राहिले. एक मेकॅनिक दुसऱ्याकडे बघून हसला.

"कुठे आहे आवाज, काका?" मॅनेजरने विचारलं.

बाबा सरळ झाले. त्यांनी मामाकडे पाहिलं. मामा फरशीकडे बघत होता.

"माझेच कान गेले असतील," बाबा म्हणाले. "उगाच त्रास दिला तुम्हाला."

"होतं वयाप्रमाणे," मॅनेजर मोठ्या मनाने म्हणाला.

मला इतकी लाज वाटली की मी बाबांना हाताला धरून बाहेर काढलं. बाबांची लाज वाटली, हे विशेष.

त्यानंतर बाबांनी गाडी चालवणं सोडलं. ऐकू न येणाऱ्याने चालवू नये, म्हणाले. टीव्हीचा आवाज इतका वाढवला की खालच्या मजल्यावरच्यांनाही बातम्या कळायला लागल्या. शेवटी आईने मामाला फोन केला. "अरे, यांच्या कानाला काहीतरी झालंय. तुझ्या ओळखीचा चांगला डॉक्टर असेल तर बघ ना." मामाने "बघतो" म्हटलं आणि जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं, असं मामीने नंतर सांगितलं.

रविवारी तो आमच्या दारात उभा राहिला. बसला नाही. टीव्ही गडगडत होता आणि त्यावर ओरडूनच त्याला बोलावं लागलं.

"दाजी, तुमचे कान ठणठणीत आहेत. गाडी मी आधीच तापवून ठेवली होती. तुमचीसुद्धा."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी बसत होते रे त्या गाडीत," एवढंच म्हणाली. तिने त्याच्यावर हात उगारला असता तर बरं झालं असतं.

बाबांनी टीव्ही बंद केला. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "वाकताना बॉनेटवर हात टेकला. चांगलं गरम होतं."

"मग तिथेच का नाही बोललात? चारचौघांत माझं थोबाड का नाही फोडलंत?"

"तुझा मॅनेजर शेजारी उभा होता. तुझ्या पोटावर पाय देऊ? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि घरी सांगितलं असतं तर ही तुझ्या तोंडाकडे बघू शकली नसती."

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीला टेकून तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याच्याविषयी मला किळस वाटत होती आणि त्याला पाणी द्यावंसंही वाटत होतं. पाणी मी दिलं नाही.

"माझं सोड," बाबा म्हणाले. "मला निदान कळलं तरी. माझ्यानंतर त्या चष्मेवाल्या बाई होत्या ना, एकट्याच आलेल्या? त्यांची गाडीही तापवलेली होती?"

मामाने होकाराची मान हलवली.

"त्यांना काय सांगितलंस?"

"आवाज नाहीये म्हणून."

"मग?"

मामाने तोंडावरचे हात काढले नाहीत. "त्यांनी माझी माफी मागितली, दाजी."