चंद्रकलाबाईनं घातलेली वेणी

भुताखेताचं बोलणं निघालं की हसणारी बाई मी. आळीत कोणाच्या अंगात आलं तर म्हणायची, "तिले आधी जेवू घाला, आपोआप उतरते." म्हणून हे लिहिताना मलेच कसंतरी वाटून राहिलं. पण लिहिते... कारण घडलं ते भरदुपारी, चार माणसांसमोर.

माझी मोठी बहीण, आमची अक्का. अर्धांगवायूनं तिचं अर्धं अंग गेलं, तसं तिच्या पोरानं तिले अकोल्याच्या अलीकडे, हायवेले लागून असलेल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं आणि तो परदेशी निघून गेला. मी अमरावतीहून बसनं तिले भेटायले जायची.

तिथं कूस बदलून द्यायलेही कोणी नव्हतं. अक्काच्या पाठीले जखमा पडल्या. शेजारच्या खाटेवर अंजनगाव सुर्जीची चंद्रकलाबाई होती, जन्मभर हार-गजरे विकलेली माळीण. तीच अक्काले कुशीवर करायची, पाठ पुसायची, वेणी घालून केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्यानं बांधायची. गजऱ्याचा दोरा तो — ओला असला तरच वळते, वाळला की तुटते.

मी म्हटलं, "रबर आणून देऊ का?"

"ठेव तुझं रबर! केस तुटते त्यानं. आमच्या हाताले हेच जमते."

उन्हाळ्यात चंद्रकलाबाई वारली. मी स्वतः अंजनगावले तिच्या मातीले गेली होती. इकडे अक्काच्या केसांच्या जटा झाल्या, अंगाले वास येऊ लागला. मी तिले घरी न्यायचं ठरवलं, तर मॅनेजर म्हणे, "ज्यानं भरती केलं त्याचीच सही लागते, मावशी." पोरगा फोन उचलेना.

सरकारी ऑफिसात गेली. तिथले साहेब म्हणाले, "आजी, कायदा मुलांनी सांभाळावं म्हणून आहे. आश्रमाचं आम्ही काय करणार? बरं, बघून येतो. हाल दिसले तर तुमच्याकडे द्यायला लावतो."

साहेब आले त्या दुपारी मीही होती. पाहते तर काय — अक्का कुशीवर, पाठ पुसलेली, केसांची घट्ट वेणी. मी वेणीले हात लावला... केळीचा दोरा. ओला. पाणी माझ्या बोटाले लागलं.

"आजी, तुमचं कोण करतं?" साहेबांनी विचारलं.

अक्का अडखळत बोलली, "चंद्र...कला."

"आमची केअरटेकर आहे, सर," मॅनेजर लगेच म्हणाला.

"ती मेली, साहेब! मी मातीले गेली होती तिच्या!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ऊन लागलं का आजी? पाणी घ्या थोडं." आणि गेले. मागून मॅनेजर हळूच मले विचारते, "मावशी, तुमी घातली काय वेणी? आमची बाई तर सुट्टीवर हाये."

मी चंद्रकलाबाईच्या रिकाम्या खाटेवर बसली आणि मनातल्या मनात म्हटलं, "बाई, तुझे उपकार हायेत. पण तू हिले अशी नीट ठेवशीन तर हे लोक हिले इथंच ठेवतीन. साहेब पुन्हा येतीन तेव्हा हिले हात नको लावू." माझे ओठसुद्धा हलले नव्हते.

साहेबांले पुन्हा आणायसाठी किती खेटे घातले, ते माझं मले माहीत. आले तेव्हा अक्का उताणी पडलेली, चादर ओली, केस पिंजारलेले, जखमेवर माशा. साहेबांनी नाकाले रुमाल लावला.

"घेऊन जा, आजी. सहीचं मी बघतो."

आश्रमाले काय झालं? समज दिली म्हणे. बाकीच्या बाया तिथंच हायेत.

अक्का आता माझ्याजवळ आहे, जखमा भरून येत आहेत. पण घरी आल्याबरोबर तिनं मले विचारलं, "तू चंद्रकलाले काय बोलली वो?"

मी म्हटलं, "काहून?"

"साहेब पुन्हा आले त्या दिवशी खाटेजवळ उभी राहून रडे. मी किती बोलावलं... पण हात मागं धरून उभी राहिली. लावलाच नाही."

डॉक्टर म्हणतात, या आजारात असे भास होतात. होत असतील. मी कोणाले काही बोलली, हे अक्काले कसं समजलं, ते मात्र त्यांनाही सांगता येत नाही... मलेही नाही.